गप्प गाडी

पिशवी वाजत होती, आणि बसमधल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, मला सोडून. शेजारच्या बाईंनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिडकीबाहेर. पुढच्या सीटवरचा माणूस दोनदा मागं वळला. तिसऱ्यांदा वळला तेव्हा म्हणाला, "अहो, बंद करा ना ते. कधीचं वाजतंय." मी म्हणालो, "काय वाजतंय?" तर तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला, त्याला वाटलं मी त्याची थट्टा करतोय. मी पिशवी उघडली. आत फेऱ्यांची वेळ घ्यायचं माझं छोटं घड्याळ होतं. त्याचा पडदा लुकलुकत होता आणि कोपऱ्यात घंटेचं चिमुकलं चित्र उड्या मारत होतं. मी ते कानाला लावलं. काही नाही. दुसऱ्या कानाला लावलं. तिथंही काही नाही. मग बटण दाबलं, आणि ते थांबलं हे मला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. बाईंचे खांदे खाली आले. पुढचा माणूस "हां" म्हणाला, ते मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यावर अशी खोड लागते, की बिघाड दिसला की आधी हात शिवशिवतात आणि भीती मागाहून, सवडीनं येते. मला ते घड्याळ लगेच पुन्हा वाजवून बघायचं होतं. पुढचा माणूस अजून माझ्यावर नजर ठेवून होता, म्हणून नुसतं मांडीवर धरून बसलो. हे घड्याळ आणलं तेव्हा त्याचा आवाज इतका टोचायचा, की बायकोनं ते टॉवेलांच्या कप्प्यात खुपसून ठेवलं होतं. म्हणजे तेव्हा तो आवाज होता. मग मी तो शेवटचा कधी ऐकला? ते काही केल्या आठवेना. माणूस शेवटचा कधी भेटला ते आठवतं, तो काय म्हणाला, कुठला शर्ट घातला होता, हेसुद्धा आठवतं. आवाजाचं तसं काही नाही. मी बसमधलं बाकीचं ऐकायला लागलो. इंजिनाची घरघर होती. दार उघडतानाचा फुस्कारा होता. मागं दोघी जणी कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या, त्यातलं निम्मं कळत होतं. म्हणजे जाडजूड आवाज जागच्या जागी होते, बारीक तेवढे निघून गेले होते. आणि बारीक आवाज म्हटल्यावर मला गिअर आठवले, आणि गिअर आठवल्यावर माझा स्टॉप मागं गेला.

आमचा क्लब एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथं सहा लेनचा लाकडी ट्रॅक आहे. प्रत्येक लेनच्या मधोमध एक खाच, आणि खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी. गाडी तळहाताएवढी. तिच्या पोटाखालचा खुंटा खाचेत बसतो, खुंट्याशेजारच्या तांब्याच्या वेण्या पट्टीवर घासत वीज घेतात. आपल्या हातात फक्त ट्रिगर. दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते, वळणावर नको तेवढा दाबला की उडून बाहेर पडते, आणि वळणाशी उभा असलेला माणूस ती उचलून परत खाचेत लावतो. बाहेरचे लोक कधीमधी येतात, पाच मिनिटं बघतात आणि म्हणतात, खेळणी आहेत की. आम्ही म्हणतो, हो, खेळणीच. आणि पुन्हा टायर पुसायला लागतो. आमच्यात काही जण चालवणारे आणि काही जुळवणारे. मी जुळवणारा. माझ्या हातात ट्रिगर दिला तर मी गाडीकडेच कौतुकानं बघत बसतो, आणि ती पहिल्या वळणाला माझा निरोप घेते. माझ्या गाड्या चालवते माझी पुतणी, धाकट्या भावाची मुलगी. औषधांच्या दुकानात कामाला आहे, चौतीस वर्षांची, लग्न नको म्हणते आणि का ते सांगत नाही. तिचं बोट मी पहिल्यांदा ट्रिगरवर पाहिलं तेव्हा मला स्वतःचाच हेवा वाटला होता, की हे आपल्या घरात आहे.

दर शुक्रवारी संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरतो आणि गाडी उघडतो. मागच्या दांड्याला गुंडाळलेले केस आणि धागे चिमट्यानं काढायचे, ते कुठून येतात देव जाणे, आमच्या क्लबात निम्म्यांना टक्कल आहे. काचेला चिकटवलेल्या सँडपेपरवर टायर हळूहळू फिरवून गोल करायचे. तांब्याच्या वेण्यांची टोकं विस्कटून सरळ करायची. सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल. बॉडीचे स्क्रू पूर्ण आवळायचे आणि मग पाव फेरा मागं घ्यायचे, कारण बॉडी जरा खुळखुळली नाही तर गाडी वळणावर ताठरते. हे कुणीही शिकेल. शेवटी राहतात गिअर. मोटरवरचं छोटं दातेरी चाक आणि दांड्यावरचं मोठं, दोघांत अंतर किती ठेवायचं, तेवढ्यावर सगळं. जास्त ठेवलं तर खडखड होते. बरोबर बसलं तर रवा चाळावा तशी नुसती सळसळ ऐकू येते. आणि केसभर जरी जवळ गेलं तरी एक बारीक शिट्टी सुरू होते, म्हणजे दात एकमेकांना घासतायत, मोटर तापतेय. सळसळणाऱ्या गाडीला आमच्याकडे गप्प गाडी म्हणतात. क्लबात याहून मोठं कौतुक नाही. आणि मी होतो कानवाले काका. लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे, "काका, जरा ऐका ना," आणि मी डोळे मिटायचो, थोडा नाटकीपणाही करायचो. गेल्या दीड वर्षात तर माझ्या हातून गाड्या इतक्या गप्प व्हायला लागल्या होत्या, की सळसळसुद्धा उरत नव्हती. चाक सरकवत नेलं की आधी खडखड जायची, मग सगळंच जायचं. मला वाटायचं, आता कुठं हात बसला. इतक्या वर्षांनी बसला. कुणाला सांगायचो नाही, पण मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो.

घरी आलो तेव्हा बायको नखं कापत बसली होती. मी घड्याळ तिच्यासमोर धरून वाजवलं. "ऐकू येतं?" ती म्हणाली, "बंद करा आधी!" मी फ्रिजजवळ गेलो, "हा काही बोलतोय?" "बोलतोय की. रात्रंदिवस बोलतो." दिव्याच्या बटणाशी, चार्जरशी, गॅसच्या लायटरशी, सगळीकडे मी तिला घेऊन फिरलो, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी चाललेलं होतं. चार्जर गुणगुणतो. नळ पूर्ण बंद केला नाही तर सूं करतो. ओव्हन तयार झाला की तीनदा बोलावतो. मी चकित झालो. घर भाड्यानं दिल्यासारखं झालं होतं, मला न सांगता आत कुणीतरी राहत होतं आणि त्यांचं व्यवस्थित चाललं होतं. बायको आधी हसली, मग हसायची थांबली. "अहो, म्हणजे मी स्वयंपाकघरातून हाक मारते तेव्हा...?" मी म्हणालो, "तू बारीक आवाजात मारत असशील." "मला वाटायचं तुम्ही मुद्दाम ओ देत नाही," ती म्हणाली, आणि तिनं नेलकटर मिटवला, पुन्हा उघडला. दीड-दोन वर्षं ती हे समजून राहिली होती, आणि रोज मला वाढत होती. मी कामाचं विचारलं, "शुक्रवारी माझ्या गाडीचा आवाज येतो तुला?" ती म्हणाली, "शुक्रवारी मी कानांत कापूस घालून बसते. दिसत नाही का?" दिसत होता. मला वाटायचं, तिला थंडी बाधते.

कपाटात वरच्या फळीवर माझी एक जुनी गाडी आहे, चार वर्षांपूर्वी जुळवलेली, नंतर हात न लावलेली, कारण तिच्यावर पुतणीनं पहिली शर्यत जिंकली होती. ती काढली. चालू गाडीही काढली. दोन्ही उलट्या करून लाकडी ठोकळ्यांवर ठेवल्या आणि मोटर किती वीज ओढते ते दाखवणारा कामाच्या पेटीतला मीटर आणला. लिफ्टच्या मोटरला मी रोज मीटर लावतो, पण गाडीला आजवर कधी लावला नव्हता. खेळात आकडे कशाला, असं म्हणायचो, कान असताना. जुन्या गाडीला वीज दिली, काटा अठरावर थांबला. नवीला दिली, तो एकतीसवर गेला आणि तिथंच थोडा थोडा वर सरकत राहिला. दोन्ही मोटरी एकाच जातीच्या, टायर सारखे, तेल सारखं. मी बायकोला बोलावलं, "ही कशी वाजते सांग." ती म्हणाली, "ही बरीय. काहीतरी चाळल्यासारखी." "आणि ही?" तिनं तोंड वाकडं केलं. "ही किंचाळते. पण मी समजत होते, तुम्हाला तसंच हवं असतं." मी दोन्ही गाड्यांना आळीपाळीनं नख टेकवलं. जुनीच्या अंगात मऊ थरथर होती. नवीच्या अंगात एक चिवट, घट्ट कंप होता, लिफ्टच्या बेअरिंगमधलं ग्रीस वाळलं की येतो तसा. बोटांना ते लख्ख कळत होतं. इतके दिवस बोटांना कुणी विचारलंच नव्हतं. मी चहा थंड होईपर्यंत तसाच बसून होतो, आणि खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात मला मजा येत होती. एक मोठाच बिघाड सापडला होता आणि तो माझ्यातच होता, त्यामुळे कुठं जायचीही गरज नव्हती. शिट्टी ऐकू येईनाशी झाली, म्हणून शिट्टीच्याही पुढं जाऊन मी चाकं आवळत होतो. मी ज्याला बसलेला हात समजत होतो तो हा.

मग मागच्या वर्षीची शेवटची शर्यत आठवली, आणि मजा संपली. पुतणी दोन फेऱ्यांनी हरली होती. सरळ पट्टीवर गाडी मागं पडत होती, आणि वळणावर उडत होती, एकदा, दोनदा, पाचदा. मधल्या विश्रांतीत ती गाडी घेऊन माझ्याकडे आली, कपाळावर घाम, आणि म्हणाली, "काका, ही किरकिरतेय." मी गाडी कानाला लावली. डोळे मिटले. सगळे बघत होते, आणि सगळे बघतायत हे मला आवडत होतं. मी म्हणालो, "गाडी गप्प आहे. किरकिरतंय तुझं बोट." केवढा हशा पिकला. पुढं वर्षभर क्लबात कुणाचीही गाडी उडाली की कुणीतरी म्हणायचंच, बोट किरकिरतंय. तिचं नावही मीच पाडलं, घाईबाई. ती त्या दिवशी हसली होती सगळ्यांबरोबर. आता टेबलापाशी बसून मला दिसत होतं की तिनं काय केलं असणार. सरळ पट्टीवर माझी गाडी जे गमावत होती ते ती वळणावर भरून काढायला बघत होती. घाई तिची नव्हती. मी तिला पाय बांधून पळायला लावलं होतं, आणि वर तिलाच ठेचकाळते म्हणून हसलो होतो. आणि बाकीच्यांना ती शिट्टी ऐकू येत नव्हती का? येत असणार. पण कानवाले काका गप्प म्हणतात म्हटल्यावर त्यांनीही स्वतःच्या कानांना गप्प केलं असेल. तिला एकटीला ऐकू आलं आणि तिनं ते सांगितलं.

तिनं वर्षभर काय केलं ते मला माहीत होतं, कारण मीच शाबासकी देत होतो. ट्रिगरखाली तिनं स्पंजचा तुकडा चिकटवला, बोट एकदम खाली जाऊ नये म्हणून. दुकानातून सुटल्यावर आठवड्यातून तीनदा क्लबात जायची आणि एकटीच सावकाश फेऱ्या मारायची, वळणाच्या आधी एक-दोन-तीन मोजत. ती आता फारशी उडत नाही. ती आता कुणाच्या फारशी पुढंही जात नाही. पूर्वी ती चालवायची तेव्हा मी श्वास रोखून असायचो. या वर्षी मी तिच्या फेऱ्या चालू असताना शेजाऱ्याशी गप्पा मारतो, हे मला टेबलापाशी बसल्यावर लक्षात आलं आणि लाज वाटली. तिचं ते बोट मी मोडलं होतं, सूचना देऊन, हसत हसत, काकाच्या अधिकारानं.

मी चाक मागं घेतलं. पातळ कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मध्ये धरून दाबली, स्क्रू आवळला, पट्टी काढली. मीटर एकोणीस म्हणाला. बायको दारातून म्हणाली, "आता बरीय." पाच मिनिटांचं काम. आणि तेव्हा माझ्या डोक्यात एक विचार आला, तो इतका सोयीचा होता की मी त्याच्याकडे दोन दिवस प्रेमानं बघत राहिलो. येत्या रविवारी वर्षाची शेवटची शर्यत. गाडी आता पळणार. पुतणीला वाटेल, बोट सावकाश केल्याचं फळ मिळालं. ती खूश, मी खूश. क्लबातले म्हणतील, काकांनी तिला वळण लावलं. तिचं वर्ष वाया गेलं नाही असं तिला वाटेल, आणि ते वाटणं मी कशाला हिसकावून घ्यायचं? यात कुणाचं काय बिघडतं? लिफ्टमध्ये लोक अडकतात तेव्हा आम्ही त्यांना कधी खरं कारण सांगत नाही, म्हणतो, वीज गेली होती. मी हे बायकोलाही बोलून दाखवलं. ती म्हणाली, "सांगू नका. आणि मग दर शुक्रवारी तिचं तोंड आठवून गाडी पुसा." आणि कपाट लावायला निघून गेली.

शनिवारी दुपारी क्लब रिकामा होता. पुतणी दुकानातून थेट आली होती, खिशाला पेन तसंच. मी मुद्दाम काही बोललो नाही, गाडी खाचेत लावली आणि तिसऱ्या वळणाशी जाऊन उभा राहिलो, ते सगळ्यांत वाईट वळण. तिनं स्पंज दाबून बघितला आणि सुरुवात केली. पहिल्या दोन फेऱ्या तिला काही कळलं नसावं. तिसऱ्या फेरीला सरळ पट्टीवर गाडी नुसती सुटली, आणि तिच्या भुवया वर गेल्या. वीस फेऱ्या झाल्या. भिंतीवरच्या पाटीवर तिची वेळ पाऊण सेकंदानं खाली आली होती. आमच्या खेळात पाऊण सेकंद म्हणजे चेष्टा नाही. ती ट्रिगर सोडून माझ्याकडे वळली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा पाहिला. ती म्हणाली, "काका, तुमचंच खरं होतं. मी उगाच हट्ट करत होते. बोट हळू केलं आणि बघा!"

मी म्हणालो, "नाही." माझाच आवाज मला फार मोठा वाटला. मग सगळं सांगितलं, उलटसुलट, आधी मीटर, मग बस, मग बायकोचा कापूस, मग शिट्टी. ती औषधाची चिठ्ठी वाचावी तशी ऐकत होती, अक्षर लागत नसलं तर पुन्हा विचारायचं अशा बेतानं. मग तिनं विचारलं, "कधीपासून?"

"दीड वर्ष तरी."

"म्हणजे मागची फायनल."

"हो."

"आणि तुम्ही सगळ्यांसमोर..."

"हो."

तिचं तोंड हललं, पण शब्द आला नाही, की आला आणि मलाच कळला नाही, म्हणून मी दोन पावलं जवळ गेलो. "काय म्हणालीस?"

"काही नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "मी तेव्हा घरी जाऊन आईला म्हटलं होतं, मला भास होतात."

मी हे धरूनच चाललो नव्हतो. हरल्याचं धरलं होतं, हशाचं धरलं होतं. हे नाही. मी म्हणालो, "उद्या सगळ्यांना सांगतो मी. सगळ्यांसमोरच." ती म्हणाली, "सांगा." पण तिचं लक्ष नव्हतं. ती हातातल्या ट्रिगरकडे बघत होती. तिनं नखानं स्पंजचं टोक उचललं. वर्षभराचा गोंद होता, लवकर सुटेना. तुकडे तुकडे करत तिनं तो ओरबाडून काढला आणि खिशात टाकला. मग ट्रिगर रिकामाच दोन-तीनदा दाबून बघितला. "उद्यापर्यंत परत येईल का हे?" ती म्हणाली, आणि तिनं बोट वर केलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

"जा, उभे राहा तिथं."

मी तिसऱ्या वळणाशी गेलो. तिनं पहिल्यासारखा ट्रिगर दाबला, मागचापुढचा विचार न करता, आणि गाडी वळणावरून उडून माझ्या पोटावर आपटली. "लावा," ती म्हणाली. हे मला बरोबर ऐकू आलं. मी लावली. पुन्हा उडाली. "लावा." तिच्या आवाजात राग होता, आणि तो माझ्यासाठी होता, आणि तो मला हवा होता. सहाव्या वेळी गाडीचा आरसा तुटला, मी तो खिशात ठेवला. नवव्या वेळी ती खुर्चीखाली गेली, मी गुडघ्यांवर जाऊन शोधली. तेराव्या, चौदाव्या वेळी तर मी वाकूनच राहिलो, हात ट्रॅकवर पसरून, कारण ती कुठं पडणार हे आता पाठ झालं होतं. पुढच्या फेरीला ती सरळ पट्टीवरून येताना मला दिसली, मागची चाकं बाहेर फेकत, अर्धी आडवी, आता जातेच अशी. गेली नाही. माझ्या बोटांखालून वारा गेला फक्त. पुतणीनं वर पाहिलं नाही आणि ट्रिगरही सोडला नाही. मी हात मागं घेतला.